बोटराजा आणि धुरपाचा घेवडा

एक होता राजा. त्याला दोन हात, दोन पाय आणि एक बोट.

हसू नका. बोटं दहाच होती, तुमच्या-माझ्यासारखी. पण कामाचं एकच. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. ते सरळ. काठीसारखं सरळ. ते बोट त्यानं ज्या वस्तूकडे दाखवलं, ती वस्तू त्याची व्हायची. आणि नुसती व्हायची नाही बरं का. आपली आपण उठून राजवाड्याकडे चालायला लागायची.

गाईकडे दाखवलं, गाय दावं तोडून निघाली. बाजेकडे दाखवलं, बाज चार पायांवर टकटक करत निघाली. वर कुणी झोपलेलं असलं तर त्याला खाली पाडून निघाली. एकदा त्यानं फणसाच्या झाडाकडे दाखवलं. झाड जागेवरच राहिलं, कारण मुळाचं जे असतं ते जागा सोडत नाही. पण फणस टपाटपा खाली पडले आणि गडगडत पालखीमागून गेले. एक फणस वाटेत चिखलात अडकला, तर तोही तिथं गोलगोल फिरत राहिला, जायला मिळेना म्हणून.

म्हणून लोक त्याला बोटराजा म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर महाराज.

असं बोट त्याला कुठून मिळालं ते मला ठाऊक नाही. माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं. तो लहान असताना 'हे पाहिजे' म्हणून त्यानं पहिल्यांदा बोट दाखवलं, तेव्हा त्याला कुणी नाही म्हटलं नसेल, एवढंच.

मग काय झालं, लोक वस्तू लपवायला लागले. पापड घरात वाळत घालायचे, काळोखात. ते वाळायचे नाहीत, नुसते वास मारायचे. नवं लुगडं आतून नेसायचं आणि वरून जुनं. कुणाचं बाळ गुटगुटीत असलं तर राजाची पालखी येताना दिसली की आई त्याला मुद्दाम शेंबडं करून ठेवायची.

आणि राजा एवढ्याचं करायचा काय? काही नाही. राजवाड्यात खोल्या भरून जाती होती आणि दळायला एक बाई नव्हती.

धाकटे, डोळे मिटलेस तरी चालेल. कान तेवढे उघडे ठेव. आता घेवडा येतोय.

एका वर्षी राजानं कुणाच्या तरी लग्नात घेवड्याची भाजी खाल्ली. साधीच भाजी. फोडणीत लसूण, वर ओलं खोबरं. पण राजाला ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी तो पालखीत बसला आणि घरोघर बियाण्याच्या मडक्यांकडे बोट दाखवत गेला. मडकी हलली. मडक्यांतली राख उडाली. राखेत जपून ठेवलेलं घेवड्याचं बी बाहेर आलं आणि मुंग्यांची रांग जाते तसं एकामागून एक रस्त्यानं निघालं. काळं काळं बी, पाठीवर पांढरी रेघ. गावच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

राजवाड्यात आचाऱ्यांनी ते बी भिजवलं, सोललं, शिजवलं. राजानं महिनाभर खाल्लं. मग बी संपलं.

आता तुम्हीच सांगा, सगळं बी खातं का कुणी? माझी आजी म्हणायची, उपाशी झोपावं, पण बियाण्याच्या मडक्यात हात घालू नये. मडक्यातलं आपलं नसतं, ते पुढच्या वर्षाचं असतं. पण राजाला कोण सांगणार? त्या वर्षी पाऊस आला, आणि सगळ्या राज्यात पेरायला घेवड्याची एक बी नव्हती.

एक नव्हती असं राजाला वाटत होतं.

तर त्या राज्यात एका गावाच्या टोकाला धुरपा नावाची बाई राहायची. घर म्हणजे एक खोली, एक ओसरी आणि मागे परस. नवरा मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेलेला. तो मेंढरं गावात आणायचाच नाही, राजाचं बोट नको म्हणून. त्यामुळं घरात दोघीच. धुरपा आणि तिची सासू. सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण तिच्या जिभेला सगळं दिसायचं.

त्यांच्या घरातून आधी शेळी गेली. धुरपा रडली. मग जातं गेलं. वरचा दगड पुढे, खालचा दगड मागे, घरंगळत गेलं. तेव्हा धुरपा रडली नाही, नुसती बघत राहिली. मग पाण्याचा रांजण गेला, आतलं पाणी हिंदकळत. तेव्हा धुरपा तांब्या घेऊन रांजणामागे धावली. वेशीपर्यंत धावली आणि त्यातलं एक तांब्या पाणी काढून घेऊनच परत आली. लोक म्हणाले, एका तांब्यासाठी एवढी धाप लागेस्तोवर कुणी पळतं का? धुरपा म्हणाली, एक तर एक, पण माझं आहे.

मग पाऊस लागून आठ दिवस झाले, आणि सासूनं धुरपाला जवळ बसवलं. आपल्या लुगड्याची कनवटीची गाठ सोडली. कनवटीला म्हाताऱ्या बायका सुपारी बांधतात ना, कमरेशी, तशी गाठ. त्यात तीन बिया होत्या. काळ्या, पाठीवर पांढरी रेघ.

धुरपाला खरं वाटेना. तिनं विचारलं, या कशा राहिल्या.

सासू म्हणाली, "त्यानं मडक्याकडे बोट दाखवलं. माझ्या कमरेकडे कुठं दाखवलं?"

अख्ख्या राज्यातला घेवडा आता त्या तीन बियांत होता. त्या उगवल्या, वेल झाला, वेलाला शेंगा धरल्या, शेंगा वेलावरच वाळल्या, तर पुढच्या वर्षी घेवडा. नाहीतर घेवडा हा शब्द नुसता बोलायला उरायचा.

पहिली बी धुरपानं लावली. परसातली सगळ्यात चांगली जागा निवडली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. चार दिवसांनी उकरून पाहिलं तर बी कुजलेली. सासू म्हणाली, माया जास्त झाली की असंच होतं.

दुसरी बीही धुरपानंच लावली, कुंपणाच्या कडेला. पाणी बेतानं घातलं. ती उगवली, दोन पानं आली. शेजारी सुंद्रामावशी राहायची. तिची एक कोंबडी होती. सगळ्या गावात राजाच्या बोटातून वाचलेली एकच, कारण मावशी तिला दिवसभर हंड्यात झाकून ठेवायची. त्या दिवशी मावशी झाकण लावायला विसरली. कोंबडी कुंपणाखालून आली आणि दोन्ही पानं खाऊन गेली. मावशीनं डोक्याला हात लावला. पण पानं काही परत आली नाहीत.

मग तिसरी बी. ती सासूनं लावली, हातानं चाचपून. आधी रात्रभर पाण्यात ठेवली. मग न्हाणीच्या दगडाशेजारी, जिथं अंघोळीचं पाणी वाहून जातं, तिथं बोटाच्या दोन पेरांएवढं भोक केलं. बीचा डोळा खाली केला. वर माती लोटली, आणि धुरपाला सांगितलं की आता तीन दिवस इकडे फिरकायचं नाही.

पाचव्या दिवशी माती उचलली गेली. बी मान वाकवून वर आली. घेवडा असाच येतो बरं का. आधी मान वाकवून, आणि एकदा मातीबाहेर आला की ताठ.

मग धुरपानं मांडव घातला. चार मेढी, वर बांबू, बांबूवर बाभळीच्या फांद्या. वेल काठीला पीळ घालत वर चढला. मावा पडला तेव्हा धुरपानं चुलीतली राख फुंकली. वेल नुसताच लांब सुटायला लागला तेव्हा तिनं शेंडा खुडला, म्हणजे त्याला फांद्या फुटतात. दसऱ्याला वेल मांडवावर पोचला. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि सगळा मांडव जांभळ्या फुलांनी भरला.

सुंद्रामावशी धावत आली. म्हणाली, अगं धुरपे, हे लांबून दिसतंय. वर गोणपाट टाक, नाहीतर जाईल. धुरपा म्हणाली, झाकला तर त्याला ऊन कुठून मिळायचं, मावशी? तुझ्या कोंबडीसारखा तो हंड्यात नाही राहायचा. मावशीला राग आला. पण खरं होतं ते.

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी राजाची पालखी आली. राजानं पडदा सारला. जांभळा मांडव पाहिला. बोट काढलं आणि म्हणाला, "हे."

आणि काय झालं माहीत आहे? फुलं गळली.

सगळी. एका दमात. जांभळा सडा पडला आणि जागेवर पडून राहिला. एक पाकळीसुद्धा पालखीमागे गेली नाही.

आता तुम्हाला माहीतच आहे. कळीकडे, कोवळ्या शेंगेकडे, वेलावरच्या इवल्या काकडीकडे बोट दाखवायचं नसतं. दाखवलं तर ती लाजून गळते. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून दाखवायचं. असं, आकड्यासारखं. दाखव बघू धाकटे. हां, असं. हे शेंबड्या पोराला कळतं. पण राजा कधी कुणाच्या परसात खेळलाच नव्हता. त्याला आई कधी कानाला धरून म्हणालीच नव्हती की बोट वाकव मेल्या.

राजानं बोट डोळ्यांजवळ नेलं. उलटं करून पाहिलं. झटकलं. मग खात्री करायला एका भोयाच्या पागोट्याकडे दाखवलं. पागोटं टुणकन उडून पालखीत येऊन बसलं. म्हणजे बोट बरोबर होतं. राजाला काही कळेना. तो तसाच गेला.

धुरपानं फुलं गोळा केली. सासू म्हणाली, रडू नकोस, फुलं गेली, वेल आहे. घेवडा एकदा फुलून थांबत नाही.

खरंच थांबला नाही. मार्गशीर्षात पुन्हा फुलला. या वेळी फुलांतून नखाएवढ्या शेंगा बाहेर आल्या. आणि पुन्हा पालखी आली. या वेळी राजा वाट चुकून आला नव्हता. त्याला गेला महिनाभर झोप नव्हती. सगळं जग आपलं, आणि हा एक वेल आपला नाही, म्हणजे काय?

धुरपा ओसरी सारवत होती. ती तशीच शेणाच्या हातांनी मांडवापाशी आली. राजानं बोट वर काढलं, तेव्हा ती म्हणाली, "महाराज, बोट वाकवून दाखवा. कोवळ्या आहेत त्या."

पालखी डुगडुगली. भोई एकमेकांकडे बघायला लागले. राजाबरोबर प्रधान होता. तो पुढे आला आणि म्हणाला, ए बाई, महाराजांचं बोट वाकत नसतं. वाकवलेल्या बोटानं माणूस मागतो. महाराज मागत नाहीत.

राजानं सरळ बोट दाखवलं. नखाएवढ्या शेंगा आक्रसल्या, काळ्या पडल्या आणि गळून गेल्या.

मग राजा चिडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चिडला, कारण चिडायची वेळच आली नव्हती. तो म्हणाला, हा वेल हुकूम मोडतो. पौषातल्या पुनवेला आम्ही परत येऊ. त्या दिवशी शेंगा आपणहून आमच्यामागून आल्या नाहीत, तर वेल मुळासकट उपटून जाळून टाकायचा. आणि बाई, तुझ्या वेलाला हे नीट समजावून सांग.

धुरपा म्हणाली, "वेल ऐकणार नाही, महाराज. मीही नाही ऐकणार."

हे ती हळूच म्हणाली. ओरडली वगैरे नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या दिवसापासून गाव तिच्या ओसरीवर यायला लागलं. कुणी म्हणालं, घेवड्यावाचून कुणी मेलं नाही. कुणी म्हणालं, माफी माग, राजा शेळी परत देईल. सुंद्रामावशी तर रोज यायची. एका वेलापायी सगळ्या गावाला गोत्यात आणशील, म्हणायची.

शेवटी सासू आतून म्हणाली, "गाव गोत्यातच आहे, सुंद्रे. तुझी कोंबडी हंड्यात राहते आणि तू बाजेवाचून जमिनीवर. आणखी कुठलं गोतं राहिलंय?"

मावशी उठली. जाताना मात्र कोंबडीची वाळलेली शीट मूठभर आणून वेलाच्या मुळाशी टाकून गेली. खत म्हणून.

मग वेल तिसऱ्यांदा फुलला. थंडी कडक होती. पानं पिवळी पडायला लागली होती. या खेपेला सगळा मांडव नाही फुलला, वर एका कोपऱ्यात एकच तुरा आला. त्याला पाच शेंगा धरल्या. धुरपा रोज त्यांच्याकडे बघायची, हात पाठीमागे बांधून, चुकून बोट जाऊ नये म्हणून. शेंगा लांब झाल्या. आत बी फुगलं. पण शेंग हिरवीच. अजून पंधरा दिवस वेलावर राहिली, कडकडीत वाळली, तर बी धरायचं. आत्ता तोडली तर भाजीपुरती. आणि पुनव आली.

हा वेल आता पुन्हा फुलणार नव्हता. हे धुरपाला माहीत होतं, सासूला माहीत होतं, तुम्हालाही कळलंच असेल.

पुनवेला दिवस चांगला वर आल्यावर राजा आला. ढोल वाजवत आला. मागे शिपाई, शिपायांच्या हातात कुदळी. सगळं गाव जमलं. धुरपानं कुणाला बोलावलं नव्हतं. लोक बघायला आले होते, लोक येतातच. सासू न्हाणीच्या दगडावर बसली होती, वेलाच्या मुळाला पाठ लावून.

राजानं पालखी थेट कुंपणाशी आणवली. खाली उतरला. पाच शेंगांवर नेम धरला. आणि बोट उचलणार तेवढ्यात धुरपा मध्ये आली.

मांडवाच्या समोर, राजाच्या समोर, नीट उभी राहिली. पदर खोचलेला.

राजानं बोट दाखवलं. ते शेंगांना लागलंच नाही. ते धुरपाला लागलं.

लगेच तिचे पाय हलले. तिच्या मनात नव्हतं, पण पाय निघाले. एक पाऊल पडलं. तिनं मांडवाची मेढ धरली, तर मेढच करकरायला लागली. मांडव पडेल म्हणून तिनं हात सोडला. दुसरं पाऊल पडलं. तिनं टाच मातीत रुतवली, तर मातीत चर पडला आणि टाच पुढे गेली. तिसरं पाऊल पडलं. आता ती राजवाड्यात जाणार होती, त्या खोल्या भरून ठेवलेल्या जात्यांसारखी. आणि ती हलली की मागे शेंगा मोकळ्या.

सासूनं पावलं ऐकली. तिनं विचारलं, "धुरपे, कुठं निघालीस?"

"मी नाही निघाले, आत्याबाई. राजानं माझ्याकडे बोट दाखवलंय."

"कुणी?" म्हातारी म्हणाली. "कुठं आहे तो? हा का?"

आणि तिनं राजाच्या श्वासाचा अंदाज घेतला, हात वर केला आणि बोट दाखवलं. सरळ. राजाकडे.

आता ऐका. त्या राज्यात राजाकडे बोट दाखवू नये असा कायदा नव्हता. कायदा करावा लागलाच नव्हता. कुणाला ते सुचलंच नव्हतं. राजा बोट दाखवतो आणि बाकीचे बघतात, असंच सगळ्यांना वाटायचं. चाळीस वर्षांत राजाकडे कुणी एक बोट दाखवलं नव्हतं. तो अगदी कोवळा राहिला होता.

म्हातारीचं बोट लागलं आणि राजाची मिशी खाली आली.

म्हातारी म्हणाली, "तू बी खाल्लंस."

एवढंच. पण धुरपाचे पाय थांबले. तिनं मान वळवली. सासूचं बोट पाहिलं. राजाची मिशी पाहिली. आणि मग तिनं आपला हात उचलला आणि राजाकडे बोट दाखवलं. म्हणाली, "माझी शेळी. माझं जातं. माझा रांजण."

राजाचे खांदे उतरले.

मग गर्दीतून सुंद्रामावशी पुढे आली. बगलेत कोंबडी. मोकळा हात तिनं उचलला आणि राजाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, माझी बाज. मग तिच्यामागून कुणीतरी म्हणालं, माझी गाय. कुणी म्हणालं, माझे फणस. ज्यानं त्यानं आपापलं म्हटलं आणि आपापलं बोट उचललं. भोयांनी पालखी पुन्हा खांद्यावर घेतली होती, बोट दाखवायला हात मोकळा नव्हता, तर त्यांनी पालखी खाली ठेवली. एक म्हणाला, माझं पागोटं. शिपायांनी कुदळी टाकल्या. प्रधानानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि पाठीमागे हळूच एक बोट काढलं. हो, असतात असेही.

कुणी दगड मारला नाही. कुणी शिवी दिली नाही. नुसती बोटं. सगळ्या गावाची.

राजाचा चेहरा आक्रसला. कान लाल झाले, मग पिवळे. त्याला कुठं बघावं कळेना. जिकडे बघावं तिकडे बोट. आणि त्याचं ते काठीसारखं सरळ बोट थरथरलं. पहिलं पेर वाकलं. मग दुसरं पेर वाकलं. मग तिसरं. आणि बोट आत जाऊन बाकीच्या बोटांत बसलं. जशी तुमची-माझी मूठ असते तशी त्याची मूठ झाली.

मग लांबून घरघर ऐकू आली. काय असेल? जाती. रस्त्यानं जाती घरंगळत येत होती. त्यामागे बाजा, टकटक, टकटक. त्यामागे गाई. रांजण आले हिंदकळत. शेळी आली ती धुरपाला धडक देऊनच थांबली. फणस तेवढे आले नाहीत, ते कधीच खाल्ले होते.

आणि बी? बीही नाही आलं. खाल्लेलं बी कुठून येणार? म्हणून त्या पाच शेंगा.

त्या अजून मांडवावर होत्या. हिरव्या. हलत होत्या वाऱ्यानं.

सगळे आपापल्या गाई घेऊन गेले. राजा मात्र धुरपाच्या कुंपणाशी बसून राहिला. पालखी होती, पण उचलायला कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं हात उचलला. बोट वाकलेलंच होतं. त्या वाकलेल्या बोटानं त्यानं वर मांडवाकडे दाखवलं. शेंगांना काही झालं नाही. राजा म्हणाला, "मला यातली एक बी मिळेल का?"

धुरपानं विचार केला. तिला दया आली नाही असं नाही. पण ती म्हणाली, "यंदा नाही. यंदाचं बी गावाचं. पुढच्या वर्षी या. पायी या."

आणि राजा उठून गेला. पायी.

मग पंधरा दिवस धुरपानं मांडवाखालून हलायचं नाव घेतलं नाही. शेंगा पिवळ्या पडल्या. मग तपकिरी झाल्या. मग वाऱ्यानं खुळखुळ वाजायला लागल्या, आणि सासू म्हणाली, वाळल्या, आता तोड. पाच शेंगांतून वीस बिया निघाल्या. धुरपानं घरटी एक दिली. देताना प्रत्येकाला सांगितलं, डोळा खाली, पाणी बेतानं, आणि पहिल्या शेंगा खायच्या नाहीत. सुंद्रामावशीला तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, की कोंबडी बांधून ठेव. मावशी म्हणाली, ठेवीन, पण उन्हात.

पुढच्या पावसाळ्यात कुठल्याही घराच्या मागे गेलं की घेवडा. कुणी मांडवावर चढवला, कुणी कुंपणावर, कुणी शेवग्यावर. दिवाळीनंतर सगळं गाव जांभळं झालं, आणि कुणी काही झाकलं नाही.

राजा आला. पायी आला, रांगेत उभा राहिला. त्याला एक बी मिळाली. ती त्यानं राजवाड्यामागे लावली आणि दिवसातून सात वेळा पाणी घातलं. कुजली. परत आला. म्हातारीनं त्याला चार शब्द सुनावले आणि दुसरी दिली. तीही त्याची कोंबडीनं खाल्ली म्हणतात. तिसरीचं काय झालं ते तुम्ही उद्या मला विचारू नका, मला एवढंच ठाऊक आहे की तो दर वर्षी मागायला यायचा आणि म्हातारी दर वर्षी बोलायची.

धुरपाचा नवरा मेंढरं घेऊन गावात आला. शेळीला दोन करडं झाली. म्हातारी पुष्कळ जगली आणि शेवटपर्यंत कनवटीला तीन बिया बांधून राहिली. सगळ्यांनी पोटभर घेवडा खाल्ला, लसणीच्या फोडणीचा, वर ओलं खोबरं.

चला, गोधडी नीट घ्या. धाकटी तर कधीच झोपून गेली. त्यांच्या मांडवाला शेंगा लागल्या, तशी तुमच्या डोळ्यांना झोप लागो.